जिथे कासवं दुपारी येतात

बॅग भरून झाली? आता ती उघडा आणि पुन्हा सगळी तपासा. कपड्यांच्या घड्या झटका, बुटांचे तळवे ब्रशनं घासा, खाऊचे डबे आतून-बाहेरून बघा. एखादी मुंगी, एखादं बी, काहीही चिकटलेलं चालणार नाही. आणि उंदीर? तो तर मुळीच नाही!

आज आपण निघालोय सेशेल्स देशातल्या कझिन नावाच्या बेटावर, समुद्री जीवांची राखण करणारे स्वयंसेवक म्हणून. मुंबईहून अरबी समुद्र ओलांडत नैर्ऋत्येला साधारण ३,२०० किलोमीटर गेलं, विषुववृत्त पार केलं, की हिंदी महासागरात सेशेल्सची शंभरावर बेटं लागतात. कझिन त्यातलं अगदी चिमुकलं. ३० हेक्टरसुद्धा भरत नाही आणि त्याचा सगळ्यात उंच खडक आहे ६९ मीटरचा. खरेखुरे स्वयंसेवक व्हायला तुम्हाला अजून थोडं मोठं व्हावं लागेल, पण तोवर मनानं जायला कोण अडवतंय?

तर, उंदराला एवढं का घाबरायचं? कझिनवर उंदीर नाहीत, मांजरं नाहीत. त्यामुळे तिथले पक्षी बिनधास्त जमिनीवर, हाताच्या अंतरावर अंडी घालतात. कुठल्याशा होडीतून उंदरांची एक जोडी उतरली, तर काही वर्षांत हे सगळं संपेल. म्हणून बाहेरची होडी कझिनच्या किनाऱ्याला लागूच शकत नाही. समुद्रातच थांबायचं आणि बेटाच्या स्वतःच्या होडीत बसायचं. धक्का बांधलेला नाही, म्हणून होडीवाला लाटेचा अंदाज घेतो, वेग वाढवतो आणि होडी थेट वाळूवर चढवतो. घट्ट धरून बसा!

पर्यटक येतात ते दिवसा, थोड्या वेळासाठी. मुक्कामाला राहतात फक्त बेटाचे रखवालदार, संशोधक आणि आपण. किराणा शेजारच्या प्रास्लिन बेटावरून होडीनं येतो. दुकान नाही, रस्ता नाही, गाडी नाही.

पहिल्या रात्री तुम्हाला झोप लागणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. अंधार पडला की बाहेरून रडण्याचे आवाज यायला लागतात. एक रडतं, दुसरं उत्तर देतं, मग दहा-बारा एकदम. अगदी तान्ही बाळं रडावीत तसे! ते असतात शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी. दिवसभर दूर समुद्रावर मासे पकडायचे आणि रात्री आपल्या बिळात परतायचं, हा त्यांचा शिरस्ता. हो, बिळात! हे पक्षी जमीन उकरून आत अंडं घालतात. म्हणून बेटावरचा पहिला नियम असा, की पायवाट सोडायची नाही. वाटेबाहेर पाऊल पडलं, तर खालचं बीळ ढासळून आतलं पिल्लू दबू शकतं. इथे रुळणं म्हणजे सगळ्यात आधी पाय कुठे ठेवायचा नाही ते शिकणं.

सकाळी वाटेवर मान वर करून बघा. पांढरा सुरय हा देखणा पक्षी घरटं बांधतच नाही. फांदीवर जरासा खळगा दिसला, की तिथेच एकुलतं एक अंडं ठेवून देतो. काड्या नाहीत, गवत नाही, काही नाही! पिल्लू बाहेर येतं तेच मजबूत नखं घेऊन, आणि वारा सुटला की फांदीला घट्ट चिकटून राहतं. खाली जमिनीवर सापसुरळ्या सळसळत असतात. पक्ष्यांच्या तोंडून निसटलेला मासा किंवा पडलेलं अंडं ही त्यांची मेजवानी. तुम्ही पानं झाडायला घेतलीत, तर एक काळाभोर पक्षी पायाशी येऊन उभा राहील. तो सेशेल्सचा दयाळ. पानं हलली की खालचे किडे उघडे पडतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. एकेकाळी अख्ख्या जगात हे दोन डझनसुद्धा उरले नव्हते.

आणि तो झुडपात टुणटुण उड्या मारणारा चिमुकला? सेशेल्सचा वटवट्या. या बेटाची सगळी गोष्ट त्याच्यापासून सुरू होते. पूर्वी कझिन म्हणजे नारळाची बाग होती. मूळ जंगल तोडून माड लावले होते. वटवट्याला मात्र पानांखालचे किडे लागतात, माडावर त्याचं भागत नाही. १९६८ साली जगात तिसाच्या आत वटवटे उरले होते आणि सगळे इथेच. तेव्हा पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं चक्क हे बेटच विकत घेतलं! माडांची नवी रोपं काढत राहिले आणि जुनं जंगल आपलं आपण परत वाढू दिलं. वटवटे वाढले, मग त्यातले काही इतर बेटांवर नेऊन सोडले. आज पाच बेटांवर मिळून ते ३,००० च्या वर आहेत.

आता आपलं मुख्य काम. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा हॉक्सबिल कासवांचा हंगाम. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं येतात ना, ती बहुतेक रात्रीच्या अंधारात. सेशेल्समधली हॉक्सबिल येतात भर दिवसा! जगात बहुतेक ठिकाणी हीच जात रात्री येते, इथे मात्र सूर्य डोक्यावर असताना मादी वाळू चढते. म्हणून दिवसभर ठरावीक वेळानं किनाऱ्याला फेरी मारायची. ऊन कडक असतं. टोपी घ्या, पाणी घ्या.

काय शोधायचं? वाळूवरचा माग. हॉक्सबिल चालते ती एकदा डावा पुढचा पाय, एकदा उजवा, त्यामुळे ठसे पुढेमागे पडतात. हिरवं समुद्री कासव दोन्ही पाय एकदम रेटतं, त्याचे ठसे समोरासमोर दिसतात. एवढं कळलं की कासव न बघताही तुम्ही त्याची जात सांगू शकता.

माग वर गेलाय आणि परत खाली आलेला नाही? म्हणजे बाई अजून वरच आहेत! आता वाकून, हळू, तिच्या मागच्या बाजूनं जायचं. तिला झुडपाखालची सावली आवडते. ती जागा निवडते, नापसंत करते, दुसरी शोधते. मग मागच्या पायांनी खड्डा खणते. या पायांकडे नीट बघा. एक पाय पंजासारखा वळतो, वाळू उचलतो, बाजूला टाकतो, मग दुसरा. स्वतःचा खड्डा तिला दिसतही नाही, तरी तो खोल आणि नेटका होतो. या वेळी तुम्ही गडबड केलीत तर ती सरळ समुद्राकडे परत फिरेल. म्हणून थांबायचं. डास चावले तरी थांबायचं.

अंडी पडायला लागली की ती फारशी विचलित होत नाही. आता आपली पाळी. पाठीवर टेप ठेवून कवचाची लांबी मोजायची. पुढच्या पायावर धातूची छोटी पट्टी आहे का बघायचं, असली तर तिच्यावरचा क्रमांक उतरवायचा, नसली तर जाणकार ताई-दादा नवी बसवतात. एका खेपेला दीडशेहून जास्त अंडी, आणि एका हंगामात तीच मादी साधारण दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन-चारदा येते. तिच्या डोळ्यांतून ओघळणारं पाणी बघून वाईट वाटून घेऊ नका. शरीरातलं जास्तीचं मीठ ती तसं बाहेर टाकते.

हे सगळं वहीत लिहायचं. तारीख, वेळ, जागा, क्रमांक, लांबी. कंटाळवाणं वाटतंय? मला तर ही वही बेटावरची सगळ्यात थरारक गोष्ट वाटते. कझिनवर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कासवं मोजली जाताहेत. तेव्हा या कासवाच्या सुंदर कवचाचे कंगवे, चष्म्याच्या काड्या बनवून विकत, त्यासाठी माद्या किनाऱ्यावरच मारल्या जात. कझिनवर त्यांना अभय मिळालं, १९९४ मध्ये सगळ्या देशात कायद्यानं संरक्षण मिळालं. पण हॉक्सबिलचं पिल्लू अंडी घालण्याएवढं मोठं व्हायला वीस-तीस वर्षं लागू शकतात! ज्यांनी १९७५ मध्ये घरटी राखली, त्यांना त्याच वर्षी काहीच फरक दिसला नसणार. ते लिहीत राहिले, त्यांच्यानंतरचेही लिहीत राहिले, आणि २०१० च्या सुमारास हिशेब मांडला तेव्हा कझिनवर येणाऱ्या माद्या सुमारे आठपट झाल्या होत्या.

घरटं सापडलं तरी काळजी संपत नाही, कारण इथला किनारा जागा बदलतो. साधारण मे ते ऑक्टोबर आग्नेयेचे वारे वाहतात, नंतर वायव्येचे. वारा फिरला की लाटा बेटाच्या एका बाजूची वाळू उचलून दुसरीकडे नेतात. समुद्र ज्यांना धुऊन नेईल अशी घरटी हलवावी लागतात. आणि गंमत ऐका. ते आग्नेयेचे वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि जूनमध्ये पाऊस घेऊन थेट कोकणात येतात!

बेटाभोवतीच्या पाण्यातही राखण चालते. १९९८ मध्ये समुद्र फार तापला आणि सेशेल्सच्या मुख्य बेटांजवळची बहुतेक प्रवाळं पांढरी पडून मेली. प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न पुरवतात. पाणी फार तापलं की ती निघून जातात आणि प्रवाळ उपाशी राहतं. २०१० पासून पाणबुडे तगलेल्या प्रवाळांचे तुकडे दोरांच्या पिळात अडकवून पाण्याखाली रोपवाटिका करू लागले. दोरांवर शेवाळ साचतं, ते घासून काढत राहावं लागतं. वाढलेले तुकडे मग सिमेंटनं खडकावर बसवायचे. असे हजारो तुकडे त्यांनी लावले.

आपण मात्र वाळूवर परत येऊ, कारण दोन महिने होत आलेत आणि पहिल्या घरट्यातून पिल्लं निघून गेलीत. निघून गेलीत तरी काम उरतंच. काही दिवसांनी ते घरटं हातानं उकरायचं आणि फुटलेली कवचं मोजायची, न उबलेली अंडी वेगळी मोजायची. वास भयंकर येतो! तळाशी मुळांत अडकलेलं एखादं जिवंत पिल्लू सापडलं, तर त्याला उचलून पाण्यात टाकायचं नाही. वाळूवर ठेवायचं आणि त्याचं त्याला चालू द्यायचं. आपण फक्त खेकडे लांब ठेवायचे. तेवढं झालं की आकडे वहीत, हात साबणानं दोनदा, आणि पुढचं घरटं त्या वाकड्या झाडाखाली आहे, चला.