सातबाऱ्याबाहेरची वाडी

समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही पापुआ न्यू गिनीमधली ट्रोब्रियांड बेटं निदान ऐकून माहीत असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की तिथे जाऊन राहिला, तिथल्या लोकांची भाषा शिकला आणि १९२२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. ते लोक कंद कसे लावतात, होड्या कशा बांधतात, शंखशिंपल्यांचे दागिने घेऊन या बेटावरून त्या बेटावर कशासाठी जातात, हे सगळ्या जगाला कळलं. आपल्या महाविद्यालयांत आजही ते शिकवलं जातं. त्यानंतर बारा वर्षांनी, १९३४ मध्ये, ए. एन. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरचा इंग्रजी अभ्यासग्रंथ खुद्द मुंबईत प्रसिद्ध झाला. तो कुठे शिकवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. बदलापूर स्टेशनवर उतरून रिक्षा केली तर अर्ध्या-पाऊण तासात कातकरी वाडी लागते. तिच्याबद्दल बदलापुरातल्याच सुशिक्षित माणसाला विचारा; बहुतेक जण एवढंच सांगतील, की ते लोक पावसाळ्यात चिंबोऱ्या विकायला येतात.

लांबचा मुलूख म्हणजे अंतराने लांब, अशी आपली समजूत असते. इथे तसं काहीच नाही. कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत १८५६ मध्येच आगगाडी धावू लागली. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. अभ्यासक दीडशे वर्षं त्याची मापं घेत आहेत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली आणि सिंधमधून आलेले निर्वासित राहत होते त्या लष्करी छावणीचं शहर झालं. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे, अंबरनाथची अडीच लाखांच्या पुढे आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. बदलापूरचा आकडा त्याआधी दहा वर्षं लाखाच्याही आत होता. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या तीन शहरांच्या कडेने, मलंगगडाच्या पायथ्याला, चंदेरीच्या डोंगराखाली, बारवीच्या खोऱ्यात ठाकूर आणि कातकऱ्यांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. मूळ गावापासून जरा दूर, ओढ्याच्या काठाला किंवा माळावर, दहा-वीस-चाळीस घरं. गावाच्या नावापुढे ‘कातकरवाडी’ जोडलं की पत्ता झाला.

ठाकूर आणि कातकरी यांना एकाच मापाने मोजण्याची चूक शहरातला माणूस हमखास करतो. ठाकूर कुटुंबांकडे बहुधा थोडीफार वरकस जमीन असते, नाचणी-वरई पिकते, एखादं भाताचं खाचर असतं. कातकऱ्याकडे तेही नसतं. महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमाती केंद्र सरकारने विशेष दुर्बल गटात धरल्या आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. पहिल्या दोन यवतमाळ-गडचिरोलीकडच्या. तिसरी ठाणे, रायगड, पालघरची, म्हणजे महामुंबईच्या अंगणातली. २०११ मध्ये राज्यात कातकऱ्यांची संख्या २ लाख ८५ हजारांच्या घरात होती.

नावातच त्यांचा जुना धंदा आहे. खैराचं झाड तोडायचं, साल आणि वरचं पांढरं लाकूड तासून टाकायचं, आतल्या तांबड्या गाभ्याच्या बारीक ढलप्या काढायच्या. त्या मडक्यांत पाणी घालून तासन्तास उकळायच्या. रस गाळून पुन्हा आटवायचा आणि घट्ट झाला की त्याच्या वड्या पाडायच्या. हा कात. मुंबईपासून देशावरपर्यंतच्या पानाच्या तबकात तो जायचा. भट्टी पेटवायची तर खैर हवा, सरपण हवं, पाणी हवं, म्हणून झाडं संपली की अख्खी टोळी पुढच्या रानात. या फिरतीत गैर काही नव्हतं. खैर पुन्हा फुटायला वेळ मिळायचा. १८७८ च्या वनकायद्याने जंगलं राखीव झाली, तोडीवर बंधनं आली आणि कात पाडण्याचा हक्क हातचा गेला. पुढे ठेकेदारांसाठी लाकडाचा कोळसा पाडण्याचं काम आलं. कोळसा शहरांच्या चुलींत जळायचा. रॉकेल आणि गॅस आल्यावर आणि तोडीचे ठेके थांबल्यावर तेही संपलं. एकापाठोपाठ दोन धंदे गेले, आणि जमीन कसायला घेण्याची वेळ आली तेव्हा ती सगळी आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढलेली होती.

मग वीटभट्टी आली. उल्हास नदीच्या काठाची माती, शेजारी वाढणारी शहरं आणि हाताला काम नसलेली माणसं अशा तिन्ही गोष्टी या पट्ट्यात एकत्र होत्या. पावसाळ्यात वाडीला पैशाची सर्वांत जास्त चणचण असते. घर शाकारायचं असतं, दुखणीबाणी असतात, एखादं लग्न अंगावर आलेलं असतं. तेव्हा भट्टीवाल्याकडून किंवा त्याच्या मुकादमाकडून उचल घ्यायची. ती घेतली की पुढचा हंगाम त्याच्या भट्टीवर बांधला गेला. दिवाळी झाली की टेम्पो वाडीत येतो. ताटल्या, हंडे, कोंबड्या, गोधड्या आणि मुलं एकाच टेम्पोत चढतात.

भट्टीवर मजूर एकट्याने मोजला जात नाही, जोडी मोजली जाते: नवरा आणि बायको. संध्याकाळी मातीचा ढीग भिजवायचा, त्यात तूस किंवा राख मिसळायची. पहाटे अंधारात उठून तो चिखल पायांनी तुडवायचा. गारठ्याच्या दिवसांत हा चिखल पायाला कसा लागतो हे नुसता हात घातला तरी कळतं. बाई चिखलाचे गोळे आणून देते, पुरुष उकिडवा बसून साच्यात थापतो, काठावरचा चिखल हाताने सपाट करतो आणि साचा उलटा करून उचलतो. मग पुढची वीट. उन्हं वर येईपर्यंत ओळीवर ओळ. वाळलेल्या विटा उभ्या करायच्या, रचायच्या, डोक्यावरून भट्टीपर्यंत न्यायच्या. मुलं सहा-सात वर्षांची झाली की विटा पालथ्या करायला लागतात. मजुरी हजार विटांवर ठरते. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. खर्ची, उचल, फुटलेल्या विटा, आजारपणाचे खाडे वजा करून हातात काय उरतं, हे मालकाच्या वहीत असतं. ती वही वाचता येणारं माणूस प्रत्येक जोडीत नसतं. पैसे फिटले नाहीत, तर उरलेली रक्कम पुढच्या हंगामाची उचल होते. वेठबिगारीला बंदी घालणारा कायदा १९७६ चा आहे. विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून याच ठाणे जिल्ह्यात तो कायदा कागदावरून जमिनीवर आणायला लढे दिले, अनेकांना मोकळं केलं. पण उचलीची रीत अजून पुरती मोडलेली नाही.

बदलापूर-अंबरनाथमधल्या ज्या इमारतींत आपण राहतो, त्यांतल्या जुन्या भिंती बहुतेक अशाच कुठल्या तरी जोडीने थापलेल्या विटांच्या आहेत. नव्या टॉवरमध्ये आता सिमेंटचे हलके ब्लॉक वापरतात. म्हणजे हा तिसरा धंदाही हळूहळू पायाखालून सरकतो आहे, आणि चौथा अजून कुणी पाहिलेला नाही.

पावसाळ्यात मात्र वाडी वाडीत असते, आणि तिचं शहाणपण पाहायचं तर तेव्हाच जावं. पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्यांतून, ओहोळांतून उलटे चढतात. ही वळगण. त्या रात्री वाडीतलं कुणी झोपत नाही. बाया ओंजळीने, टोपलीने, जुन्या लुगड्याच्या पदराने मासे धरतात. दगडाखाली हात घालून चिंबोरी काढताना तिची नांगी कुठल्या बाजूला असेल हे दहा वर्षांच्या मुलीलाही बिनचूक ठाऊक असतं. जूनमध्ये शेवळं येतात. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजून हैराण होतो. त्यात काकडं, म्हणजे काकडाच्या झाडाची फळं, घालावी लागतात. बदलापूर स्टेशनबाहेर शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेली बाई गिऱ्हाइकाला बजावते, “ताई, काकडं न्या बरं का, नाहीतर मला शिव्या द्याल.” आणि मूठभर काकडं वरून घालते. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली. मे महिन्यात करवंदं आणि पळसाच्या पानांच्या द्रोणातली जांभळं. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण झाडावर चढून ती उतरवणाऱ्या आणि डोक्यावरून बाजारात आणणाऱ्या हातांपर्यंत त्या मानाचा किती वाटा पोचतो, हेही विचारायला हवं.

भात कापून झालं की बांधावरची उंदरांची बिळं उकरतात. उंदीर खातात, आणि उंदराने बिळात साठवलेल्या लोंब्याही पाखडून घेतात. शहरात हे सांगितलं की लोक नाक मुरडतात. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याच्यासाठी शेतातून मिळणारं तेवढंच धान्य असतं, आणि त्याच्या कष्टांत लाज वाटावी असं काही नाही. करांदे, कडू कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, राखेत उकडून त्यांचा कडूपणा काढण्याची जी रीत आहे, ती रसायनशास्त्राच्या पुस्तकात शोभावी इतकी काटेकोर आहे. ट्रोब्रियांडच्या कंदांवर ग्रंथ झाले. आपल्या करांद्यांवर निदान एक चांगलं पुस्तक व्हायला हवं, आणि त्या रीती सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत तोवर ते व्हायला हवं.

आता कागदाकडे येतो, कारण वाडीची खरी अडचण तिथे आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचं वास्तव्य दाखवावं लागतं. शेतकऱ्याकडे जुना सातबारा असतो, गावकऱ्याकडे आजोबांचा शाळेचा दाखला असतो. आजोबा रानोरान कोळसा पाडत फिरले, त्या नातवाने कोणता कागद आणायचा? महसूल खात्याने वेळोवेळी शिबिरं घेऊन, गृहचौकशी करून दाखले दिले आहेत, आणि जिथे तलाठी-तहसीलदार मनावर घेतात तिथे ते काम झपाट्याने होतं. पण शिबिर जानेवारीत लागलं तर वाडी भट्टीवर असते. शाळेचंही तेच. विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचं मजुराचं खोपटं. पुढे सरकारने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणलं, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. कार्ड आहे, शाळाही आहे. भट्टीपासून शाळेपर्यंत त्या मुलाला रोज कोण नेणार, हे मात्र कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नाही.

दाखल्याहून मोठा प्रश्न पायाखालच्या जागेचा. राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी बनसी घेवडे यांच्या साथीने शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांचा अभ्यास केला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातून जे समोर येतं ते या बाजूलाही डोळ्यांनी दिसतं: कित्येक वाड्या खासगी मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. एके काळी जमीनमालकानेच मजूर हाताशी हवेत म्हणून त्यांना तिथे बसवलं. तीन-चार पिढ्या गेल्या. घरांना नंबर आले, विजेचे मीटर आले, मतदार यादीत नावं आली. सातबारा मात्र मालकाच्याच नावावर राहिला. लोकलच्या टप्प्यातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला तशी ती फार्महाऊसवाल्याला, बिल्डरला विकली गेली. नव्या मालकाचं तारेचं कुंपण कधी वाडीच्या वाटेवर पडतं, कधी विहिरीच्या बाजूने, कधी मसणवट्यावर. बायांचा पाण्याचा रस्ता अर्ध्या तासाने लांबतो. कायद्याने हाकलून दिलं असं कुणी म्हणू शकत नाही, आणि राहणंही मुश्कील होतं.

याच परिसरातलं बारवी धरण आठवून पाहा. औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये ते बांधलं. पुढे टप्प्याटप्प्याने उंची वाढवून त्याची क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरवर नेली. या वाढीत तोंडली, काचकोली, मोहघर, कोळेवडखळ अशी गावं-पाडे पाण्याखाली आले. त्या पाण्यावर अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीपासून मीरा-भाईंदरपर्यंतचे कारखाने आणि नळ चालतात. धरणग्रस्तांना काहीही सहज मिळालं नाही. घरटी एक नोकरी मान्य करून घ्यायला त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. ज्या पालिका हे पाणी पितात, त्यांनी नोकऱ्यांचा वाटा उचलावा, हे तत्त्व त्यातून पुढे आलं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण झगडायला त्यांच्या हाती यादी होती: कुणाचं घर, कुणाची जमीन, किती गुंठे. कुंपणामुळे उठलेल्या कातकरी वाडीची अशी यादीच होत नाही, कारण कागदोपत्री तिथे वाडी नव्हतीच.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाच्या हद्दी ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वाडीची जागा, तिची वाट, विहीर आणि मसणवटा मोजून गावठाण म्हणून जाहीर केलं, तर पुढचा खरेदीदार काय विकत घेतो आहे हे त्याला आधीच कळेल. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने विशेष दुर्बल गटांसाठी पीएम-जनमन योजना सुरू केली. तिच्यात पक्क्या घरासाठी २ लाख ३९ हजार रुपये आहेत; रस्ता, पाणी, वीज आहे. कितीतरी वर्षांत एवढा पैसा कातकऱ्यांच्या नावाने निघालेला नव्हता. पण घर बांधायला आधी जागा आपली असावी लागते. ज्या वाड्या मालकी जमिनीवर आहेत तिथे हा प्रश्न पहिल्याच पायरीला येतो. म्हणून गावठाण आधी आणि घरकुल नंतर, हा क्रम प्रशासनाने पाळायला हवा. मोजणी पावसाळा सरल्यापासून वसुबारसेपर्यंतच्या दिवसांत धरावी, सगळी घरं वाडीत असताना, प्रत्येक घरातल्या बाईचं नावही त्याच कागदावर घेऊन. भाऊबीज झाली की टेम्पो यायला लागतात, आणि मग मोजणीदाराला कुलूपही नसलेली, नुसती दोरीने बांधलेली दारं दिसतील, ज्यांची नोंद ‘रहिवासी आढळले नाहीत’ अशी होते.