अनामिक अंजिराची ओळख

जुन्या वाड्यांच्या परसात, विहिरीच्या काठी, कोणी व केव्हा लावले हे कोणासही ठाऊक नसलेले अंजिराचे झाड कधीकधी आढळते. फळ गोड असते; परंतु जात विचारली, तर 'आजोबांचे अंजीर' यापलीकडे उत्तर मिळत नाही. अशा झाडाची ओळख कशी पटवावी, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे.

अंजिराची जात बियांतून जशीच्या तशी उतरत नाही. ती छाटकलमाने पुढे चालते. फांदी दूरदेशी जाते, नाव मात्र वाटेत बदलते. इटलीतील 'दोत्तातो' कॅलिफोर्नियात 'कडोटा' झाला. तुर्कस्तानातील 'सारीलोप' तेथेच 'कॅलिमिर्ना' म्हणून विकला जाऊ लागला. म्हणून केवळ नावावरून जात ठरवू नये.

पानावरूनही घाईने निर्णय करू नये. एकाच झाडावर अखंड, तीन पाळ्यांची व पाच पाळ्यांची पाने असू शकतात; तेव्हा अनेक पाने ताडून पाहावीत. फळ अधिक विश्वसनीय होय. पिकलेले फळ उभे चिरावे आणि आकार, मान, देठ, सालीचा व गराचा रंग, तसेच टोकाचा 'डोळा' उघडा की मिटलेला, हे टिपावे. बहरही नोंदवावा, पावसाळ्यातील खट्टा बहर व उन्हाळ्यातील मिठा बहर यांच्या फळांत व चवीत अंतर पडते.

आणखी एक खूण आहे. स्मर्ना वर्गातील अंजीर एका सूक्ष्म गांधीलमाशीने परागण केल्यावाचून पिकत नाही, गळून पडते. ही माशी 1899 साली कॅलिफोर्नियात स्थिरावली, तेव्हाच तेथील स्मर्ना झाडांना फळे धरू लागली. आपल्या पुणे अंजिरास तिची गरज लागत नाही.

ही टिपणे घेऊन मग ग्रंथांकडे वळावे. 1955 साली कॅलिफोर्नियातील आयरा कॉंडिट यांनी शेकडो जातींची वर्णने एकत्र प्रसिद्ध केली. आज डीएनए तपासणीही करता येते. परंतु तुलनेसाठी ओळखीचा नमुना संग्रही नसेल, तर तीही नाव सांगू शकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, जुना वाडा पाडण्याचे ठरले, तर झाड तुटण्यापूर्वी त्याच्या पक्व फांदीचे वीतभर तुकडे अवश्य रोवा. नावाचा शोध पुढेही घेता येईल. गेलेली जात मात्र परत मिळत नाही.