जिरं कुठंय?

महिन्याची २७ तारीख. रात्रीचे पावणेअकरा. उद्या सबमिशन, मेस कधीच बंद झालेली आणि खात्यात उरलेत १४० रुपये. फ्लॅटवरच्या चौघांपैकी एक जण उठून किचनमध्ये जातो. स्टीलच्या मांडणीवर त्याला काय काय सापडतं? साखरेची दोन अर्धी पाकिटं आणि तिसरं न फोडलेलं. तोंड उघडं राहिल्यामुळे सादळलेले पोहे. एका डब्यात काहीतरी पिवळं पीठ, ते बेसन आहे की मक्याचं हे चाखल्याशिवाय कळणार नाही. तूरडाळ दिसत नाही. खरं तर ती आहे, पण सगळ्यात मागे, कुणाच्या तरी जुन्या हेल्मेटच्या पिशवीखाली. ती सापडणार तीन आठवड्यांनी, किड्यांसकट. शेवटी उधार-उसनवार करून बाहेरून काहीतरी मागवलं जातं आणि पुढच्या महिन्याचं बजेट या महिन्यातच बिघडतं.

ओळखीचं वाटतंय ना? आता घरचं किचन आठवा. तुम्ही हॉलमधून ओरडता, ‘आई, जिरं कुठंय?’ आई मागे वळूनही न बघता सांगते, ‘वरून दुसरा कप्पा, डावीकडे, चहाच्या डब्यामागे.’ आणि ते तिथेच असतं! आपल्याला वाटतं की ही आईची जादू आहे. पण ती जादू वगैरे काही नाही, ती एक पक्की सिस्टीम आहे. फक्त ती कुठेही लिहिलेली नसते. फ्लॅटवर राहायला आल्यावर आपण कुकर आणतो, मिसळणाचा डबाही आणतो; ती सिस्टीम मात्र घरीच राहते.

सोशल मीडियावर ‘पँट्री ऑर्गनायझेशन’चे व्हिडीओ तुम्ही पाहिलेच असतील. एकसारख्या काचेच्या बरण्या, बांबूची झाकणं, सुंदर अक्षरातली लेबलं. बघायला छान वाटतं, पण आपला विषय तो नाही. आपल्याला एवढंच हवंय की घरात काय आहे ते दिसावं, ते खराब व्हायच्या आत संपावं आणि महिनाअखेरीला गरम खिचडी मिळावी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळपास ६० टक्के घराघरांतून. म्हणजे लग्नाच्या पंगती आणि हॉटेलांपेक्षा आपली किचनं पुढे आहेत. तेव्हा येत्या रविवारी दोन तास काढा.

आधी सगळं बाहेर

मांडणी पूर्ण रिकामी करा. जमिनीवर जुने पेपर पसरा आणि प्रत्येक पाकीट, पुडी, डबा त्यावर मांडा. ही पायरी गाळू नका, कारण आपल्याकडे हळदीच्या चार पुड्या आहेत हे तेव्हाच कळतं. मग प्रत्येक वस्तू उघडा, बघा आणि वास घ्या. शेंगदाणे खवट झाले असतील किंवा त्यांवर बुरशी दिसत असेल तर सरळ फेकून द्या. ‘वरचे काढू, खालचे चालतील’ असं करू नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून तयार होणारं विष भाजूनही पूर्ण जात नाही.

पाकिटावरच्या तारखाही नीट वाचा. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खायचंच नाही. आणि या दोन्ही तारखा बंद पाकिटासाठी असतात. पाकीट फोडलं की ते किती दिवस टिकणार, हे तुम्ही ते कसं ठेवता यावर ठरतं.

कप्प्यांची वाटणी

आता परत लावायला घ्या. इथे नियम एकच, रोज लागणारं हाताशी आणि क्वचित लागणारं लांब. डोळ्यांसमोरच्या कप्प्यात चहा, साखर, पोहे, तांदूळ, डाळ. त्याखाली पिठं आणि कडधान्यं. सगळ्यात वर पापड, शेवया आणि घरून आलेला फराळ. तेलासारखं जड आणि सांडणारं सामान सगळ्यात खाली, म्हणजे सांडलंच तर बाकीच्या सामानावर ओघळणार नाही.

गॅसच्या अगदी वरच्या फळीवर मसाले ठेवायची सवय बहुतेक फ्लॅट्सवर असते. हात पोचतो हे खरं, पण वाफ आणि उष्णताही पोचते. तिखटाचा रंग उतरतो, हिंगाचा वास जातो, मिठाला पाणी सुटतं. एक हात लांब ठेवा. तेलाची बाटली खिडकीतल्या उन्हात नको, ऊन आणि उष्णतेने तेल खवट होतं. मीठ स्टीलच्या डब्यात नको, डब्यालाच डाग पडतात. काचेची किंवा चिनी मातीची बरणी उत्तम.

कांदे-बटाटे डब्यात कोंडू नका. टोपलीत, हवा लागेल असे, पण वेगवेगळे ठेवा, एकत्र ठेवले की लवकर खराब होतात. बटाट्यावर उजेड पडला की तो हिरवा होतो आणि त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. हिरवा भाग खोल कापून टाका. बटाटा बराचसा हिरवा असेल तर टाकूनच द्या.

डबे कुठून आणायचे?

नव्या सेटसाठी हजार-दीड हजार घालवायची गरज नाही. कॉफीच्या, लोणच्याच्या, जॅमच्या काचेच्या बाटल्या धुऊन कडक उन्हात वाळवा, मसाल्यांना आणि डाळींना त्या पुरतात. काचेचा मोठा फायदा म्हणजे आत काय आहे आणि किती उरलंय हे झाकण न उघडता दिसतं. तांदूळ-पिठासाठी घट्ट झाकणाचे दोन-तीन स्टीलचे डबे घ्या. पुण्यात असाल तर तुळशीबाग किंवा बोहरी आळी, नाशकात असाल तर भांडी बाजार. तुमच्या गावातही अशी एखादी आळी असणारच.

एक मार्कर आणि कागदी चिकटपट्टी आणा. प्रत्येक डब्यावर दोनच गोष्टी लिहा, आत काय आहे आणि कोणत्या तारखेला भरलं. बेसन की मक्याचं पीठ हा प्रश्न कायमचा सुटेल.

डबा भरताना आपण एक चूक नेहमी करतो. जुनं अर्धं उरलेलं असताना त्यावरच नवं ओततो. मग तळाचं सामान महिनोन्महिने तळाशीच राहतं आणि कीड तिथून सुरू होते. जुनं आधी एका वाटीत काढा, डबा पुसून कोरडा करा, नवं भरा आणि वाटीतलं वर घाला. जे आधी आलं ते आधी संपलं पाहिजे. गोदामंही याच नियमावर चालतात.

कीड येते कुठून?

‘डबा तर स्वच्छ होता, मग सोंडे आले कुठून?’ बऱ्याचदा ते तांदळाबरोबरच येतात. सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते, त्यामुळे आपल्याला ते दिसतच नाही. दमट, उबदार हवा मिळाली की कीड भराभर वाढते. आपलं कॉलेज सुरू होतं ऐन पावसाळ्यात आणि आपण उत्साहाने किराणा भरतो तोही तेव्हाच!

म्हणून पावसाळ्यात कमी आणा. रवा आणला की मंद आचेवर कोरडा भाजून, पूर्ण गार करून मगच डब्यात भरा. गरम भरला तर वाफ धरते. फ्रीजर असेल तर रवा बंद पिशवीत चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवला तरी अळ्या आणि अंडी मरतात. तूरडाळीला हाताला लागेल इतकंच एरंडेल चोळून ठेवायची जुनी पद्धत आजही चालते. शिजवण्याआधी डाळ नीट धुवायची एवढंच. तांदळाला सोंडे झालेच तर तो सावलीत पसरा, चाळा, निवडा. कडक उन्हात तांदूळ तडकतो आणि भाताचा लगदा होतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. गोदामात धान्याला लावायच्या विषारी गोळ्या कुणी दिल्या तरी खोलीत ठेवू नका. त्यातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडमधून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो. किलोभर तांदूळ गेला तरी चालेल.

किती आणायचं?

‘एकावर एक फ्री’ दिसलं की हात आपोआप जातो. त्याआधी जरा हिशेब करा. कोरडा तांदूळ माणशी एका वेळेला साधारण ७५ ग्रॅम धरा. चौघांचे झाले ३०० ग्रॅम. महिन्यात २० रात्री भात होणार असेल तर ६ किलो. डाळ माणशी ४० ग्रॅम म्हणजे चौघांची १६०. महिन्यात १२ वेळा वरण केलं तर जेमतेम २ किलो. हा झाला अंदाज. पहिल्या महिन्यात एकाच आठवड्याचं सामान आणा, किती संपलं ते बघा आणि त्याच्या चौपट करा. कोपऱ्यावरचे किराणावाले काका पाव किलोसुद्धा सुटं देतात, त्यात काही कमीपणा नाही.

यादीची एक सोपी युक्ती आहे. मीठ, साखर, चहा, तेल, डाळ या पाच गोष्टींचं एक जादा पाकीट नेहमी मागे ठेवा. ते फोडलं की त्याच क्षणी फ्रीजवरच्या कागदावर नाव लिहा. मेकॅनिकलवाल्यांनो, हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय? टोयोटाचे ताईची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटवरून कल्पना घेऊन कारखान्यात आणलेली ‘कानबान’ पद्धत ती हीच, जेवढं वापरलं तेवढंच पुन्हा मागवायचं. परीक्षेत पाच मार्कांना आपण ती लिहितो. आई साखरेच्या डब्यावर ती रोज चालवते.

हे सगळं कुणाच्या डोक्यात?

आमच्या फ्लॅटवर पहिल्या वर्षी हे सगळं एकाच रूममेटच्या डोक्यात होतं. डाळ कधी आणायची, तेल किती उरलंय, सिलेंडर कधी लावला, सगळं त्यालाच माहीत. आम्ही बाकीचे पैसे देत होतो, भांडीही घासत होतो, त्यामुळे कामाची वाटणी सारखी आहे असं आम्हाला वाटायचं. बहिणीच्या लग्नासाठी तो आठवडाभर गावी गेला. आम्ही त्याला हळदीच्या दिवशी फोन केला, ‘अरे, मोहरी कुठंय?’ परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘मी काय तुमची आई आहे का?’

बोलणं लागलं. आणि नंतर जास्त लागली ती त्यातली दुसरी गोष्ट. म्हणजे आई असेल तर चालतं? मागच्या वर्षी आई तापाने चार दिवस अंथरुणात होती. बाबा आणि मी स्वयंपाक करत होतो आणि दर दहा मिनिटांनी तिला हाक मारत होतो. जिरं कुठंय? साबुदाणा कुठल्या डब्यात? ती डोळे मिटून उत्तरं देत होती. हातांना सुट्टी मिळाली होती, पण डोक्याला नाही.

डब्यावर लेबल लावायचं ते यासाठी. नाव लिहिलं की माहिती एकाच्या डोक्यातून भिंतीवर येते आणि मग ‘मला काय माहीत’ असं म्हणायची सोय कुणालाच उरत नाही. फ्लॅटवर आम्ही आता दर महिन्याला पाळी लावतो. ज्याची पाळी तो मांडणी बघतो, यादी करतो, सामान आणतो. पहिल्या महिन्यात एकाने चुकून तीन किलो मीठ आणलं. ते अजून संपलेलं नाही, पण त्यानंतर तो आणण्याआधी डबा उघडून बघायला शिकला.

आणि एक काम घरचं. दिवाळीत घरी जाल तेव्हा आईचं किचन ‘ऑर्गनाइज’ करायला जाऊ नका. तिची सिस्टीम तुमच्यापेक्षा चांगली आहे. एक संध्याकाळ तिच्याबरोबर मांडणीसमोर उभे राहा, ती सांगेल ते कप्प्याप्रमाणे लिहून घ्या आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. बाबांनाही दाखवा. आम्ही तो चिकटवला त्याला सहा महिने झाले. बाबा अजूनही अधूनमधून सवयीने हाक मारतात, ‘अगं, जिरं कुठंय?’ आई आता एवढंच म्हणते, ‘दारावर लिहिलंय.’