गाणे तुमचे, तर नावही तुमचेच असू द्या

मोहरममध्ये कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांच्या भेटी पाहायला दूरदूरहून माणसे येतात. ताबूत मुस्लिमांचे असतात तसेच हिंदूंचेही. त्या गर्दीत ऐक्याची गाणी म्हणली जातात आणि मोबाईल वर होतात. गाणे संध्याकाळपर्यंत मुंबईतल्या आणि आखातातल्या नातेवाइकांकडे पोहोचते. गाणारा दिसतो, गाव कळते. लिहिणारा कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. असे गाणे हातोहात फिरत राहिले की लिहिणारा हयात असतानाच ते 'पारंपरिक' होऊन जाते.

आपल्या घरांत लिहिणारी मुले-मुली कमी नाहीत. कोणी नात लिहितो, कोणी लग्नाची गाणी, कोणी रॅप. पूर्वी गाणे लोकांपर्यंत न्यायला आकाशवाणी नाहीतर कॅसेट कंपनी लागायची, आता मोबाईल पुरतो. पुण्याचा अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन, स्वतःची गाणी यूट्यूबवर टाकतच पुढे आला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 'बिग बॉस'चे सोळावे पर्व जिंकला. त्याची भाषा प्रत्येक घरात चालेल असे नाही. संगीताबद्दलही उलेमांची मते वेगवेगळी आहेत, तेव्हा काय लिहायचे आणि वाद्य घ्यायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण लिहिलेले लोकांपुढे ठेवायचे असेल, तर प्रसिद्धीच्या आधी नावाची सोय करावी.

जुन्यांची रीत

उत्तर पेशवाईत जेजुरीचे सगनभाऊ हे मोठे शाहीर होऊन गेले. ते मुसलमान, धंद्याने शिकलगार. त्या काळचे शाहीर रचनेच्या शेवटी आपले नाव गुंफत. उर्दू गझलेच्या मक्त्यात शायर तखल्लुस घालतो, तशीच ही रीत. छापखाना नसतानाही त्यामुळे रचना कोणाची हे कळत राहिले. नातच्या मैफलीतही चांगला नातख्वाँ सुरुवातीला हा कलाम कोणाचा हे सांगतो.

गायकाचे नाव मोठे होते आणि लिहिणारा मागे राहतो, ही तक्रार जुनीच आहे. आकाशवाणीवर गायकाबरोबर गीतकाराचेही नाव सांगावे, असा आग्रह साहिर लुधियानवी यांनी धरला होता. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' महाराष्ट्रभर गाजवली. आवाज एकाचा, शब्द दुसऱ्याचे, आणि दोन्ही नावे आज लोकांना ठाऊक आहेत. असेच व्हायला हवे.

कायदा काय देतो

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. गीत कागदावर उतरले की हक्क तयार होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो, म्हणजे मुलाबाळांनाही मिळतो. वाद झाला तर पुरावा लागतो, म्हणून वहीत तारीख घाला आणि गीत स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. सरकारी नोंदणी करायची तर गीतासाठी 500 रुपये शुल्क आहे.

2012 मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी आवाज उठवला होता. गाणे कंपनीला दिले तरी रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा आता कंपनीला लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. 1969 पासून चालू असलेली आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची तशी सोसायटी आहे. ती रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटते.

करारावर सही करण्यापूर्वी तो घरातल्या जाणत्या माणसाला वाचायला द्या. हक्क लेखी करारानेच देता येतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कायद्याने ती पाच वर्षे धरली जाते. 'कायमचे सर्व हक्क' असे शब्द दिसले, तर पेन खाली ठेवा आणि आधी विचारा.

गाणे टाकताना

व्हिडिओच्या पहिल्या चित्रावर आणि खालच्या माहितीत गीत, संगीत, स्वर अशी तिन्ही नावे लिहा. संपूर्ण गीत देवनागरीत आणि रोमन लिपीत द्या, कारण लोक दोन्ही लिपींत शोधतात. आपले नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. एकदा 'शेख', एकदा 'शैख' असे झाले की एका माणसाची दोन खाती दिसू लागतात.

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणे वितरक कंपनीमार्फत जाते. काही वितरक वार्षिक फी घेतात, काही कमाईतला हिस्सा. त्या वेळी गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. गीतकाराचा रकाना रिकामा सोडू नका.

सिनेमाच्या चालीवर शब्द बसवण्याची आपल्याकडे सवय आहे. जलशात ते खपून जाते, यूट्यूबवर नाही. तिथली यंत्रणा मूळ संगीत ओळखते आणि जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जाऊ शकतात. 'फुकट' म्हणून उतरवलेल्या बीटचीही अट वाचा. अनेकदा ती कमाईसाठी वापरायची परवानगी नसते. गावातल्या पेटी किंवा ढोलकी वाजवणाऱ्याबरोबर स्वतःची चाल बांधली, तर हा प्रश्न येत नाही. मात्र त्याचेही नाव घाला.

लोकांपर्यंत पोहोचताना

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओची फाईल पाठवू नका, लिंक पाठवा. फाईल फिरली तर ऐकणारे मोजले जात नाहीत आणि नावही गळून पडते. गाण्यातल्या उत्तम ओळींचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून त्यावर नाव टाका. उरूस, लग्नसराई, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगांच्या आधी आठ-पंधरा दिवस गाणे टाकले, तर ते त्या प्रसंगी वाजते. सहा महिन्यांत एकदा दहा गाणी टाकण्यापेक्षा दर महिन्याला एक बरे. आपल्या गावच्या बोलीला लाजू नका. परगावी गेलेला माणूस तीच ऐकायला थांबतो.

'लाख व्ह्यूज मिळवून देतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. खोटे आकडे पकडले जातात, काढले जातात, आणि कधी गाणेही त्यांच्याबरोबर जाते.

पैशाचा हिशेब स्पष्ट असू द्या. यूट्यूबवर जाहिरातीच्या कमाईसाठी 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तास पाहिले जाणे, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात. स्पॉटिफायवर एखादे गाणे वर्षात 1000 वेळा वाजल्याशिवाय त्याची रॉयल्टी मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी यातून घर चालेल असे धरू नये, अभ्यास किंवा नोकरी सोडू नये. गाणी ऐकून कोणी कार्यक्रमाला बोलावले, शाळेचे गीत लिहून मागितले, तर तीही कमाईच आहे.

आई-वडिलांसाठी

मुलगी लिहिते, पण चेहरा दाखवायचा नाही, अशी घरची इच्छा असेल तरी मार्ग बंद होत नाही. पडद्यावर फक्त शब्द उमटणारे व्हिडिओ करता येतात, आवाज दुसऱ्याचा घेता येतो, टोपणनाव ठेवता येते. तिचे शब्द भावाच्या नावाने मात्र छापू नका. मुले 18 वर्षांखालील असतील, तर कमाईचे खाते पालकाच्या नावावर लागते. त्याचा हिशेब मुलांना दाखवत चला.

मूल गाणे वाचून दाखवू लागले, तर आधी ऐकून घ्या. मग त्याला पानाखाली तारीख आणि पूर्ण नाव लिहायला सांगा. गाणे चालेल की नाही, हे लोक ठरवतील. ते कोणाचे, हे मात्र त्या पानावर आजच ठरवता येते.