‘मला जमेल’ हा विश्वास नेमका येतो कुठून?

‘स्वतःवर विश्वास ठेवा, सगळं शक्य आहे’ असं सांगणाऱ्या रील्सची कमी नाही. बघताना अंगात उत्साह संचारतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो ओसरतो. असं का होतं?

सेल्फ-एफिकसी म्हणजे काय?

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘सेल्फ-एफिकसी’चा सिद्धांत मांडला. ‘मी भारी आहे’ असं वाटणं म्हणजे सेल्फ-एफिकसी नव्हे. ‘हे ठरावीक काम मला जमेल’ असं वाटणं म्हणजे सेल्फ-एफिकसी. म्हणूनच विहिरीत बिनधास्त उडी मारणारा माणूस माईकसमोर गारठू शकतो.

सापांचा प्रयोग काय होता?

सापांची प्रचंड भीती असलेल्या लोकांसोबत बंडुरा यांनी काम केलं. ‘घाबरू नका’ असं नुसतं सांगून ते थांबले नाहीत. आधी दुसरी व्यक्ती साप हाताळताना काचेपलीकडून दाखवली. मग खोलीच्या दारापर्यंत, मग हातमोजे घालून स्पर्श, अशा पायऱ्या केल्या. शेवटी हेच लोक साप हातात घेऊ लागले.

हा विश्वास कसा तयार होतो?

बंडुरा यांनी चार स्रोत सांगितले:

- स्वतः काम करून मिळालेलं यश. हा सगळ्यात भक्कम स्रोत.
- आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहणं.
- इतरांनी दिलेलं प्रोत्साहन.
- शरीर आणि मनाची अवस्था. छातीत धडधडलं की ‘आपल्याला जमणार नाही’ असं वाटू लागतं.

मोटिव्हेशनल रील बहुतेक वेळा तिसऱ्या स्रोतावरच थांबते. प्रोत्साहनाला कृतीची जोड मिळाली नाही, तर त्याचा असर टिकत नाही.

मग सगळं आपल्याच हातात आहे का?

नाही. गावात एसटीच येत नसेल, तर कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या आत्मविश्वासाने ती सुरू होत नाही. अशा वेळी ‘तूच कमी पडलीस’ म्हणणं अन्यायाचं ठरतं. एकट्याने न सुटणाऱ्या अशा प्रश्नांसाठी बंडुरा यांनी ‘सामूहिक एफिकसी’चा विचार मांडला, म्हणजे ‘आपण मिळून हे करू शकतो’ हा गटाचा विश्वास. एसटीसाठी पंधरा मुलींनी मिळून अर्ज देणं हे त्याचंच उदाहरण.

सुरुवात कुठून करायची?

ज्याची भीती वाटते, त्या कामाचे तुकडे करा. इंग्रजीत बोलायची धास्ती असेल, तर थेट मुलाखतीची तयारी नको. आज मैत्रिणीशी दोन वाक्यं बोला, उद्या चार. ती चार वाक्यं जमली, हा अनुभवच पुढच्या पायरीसाठी बळ देतो.