कानातील इअरफोन : निवड आणि खर्चाचा क्रम

दिल्लीहून मुंबईकडे व चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर झाशी हे मोठे जंक्शन आहे. कानपूरकडून येणारा मार्गही येथेच मिळतो. या स्थानकाला २०२१ साली वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. तेथे गाडीची वाट पाहणाऱ्या तरुण प्रवाशांपैकी अनेकांच्या कानांत इअरफोन दिसतात. हे इवलेसे यंत्र विकत घेताना दोन प्रश्न पडतात. कोणते घ्यावे? आणि पुढे आणखी थोडे पैसे हाती आले, तर ते प्रथम कशावर खर्चावेत? या प्रश्नांची उत्तरे जाहिरातींपेक्षा ध्वनिशास्त्रात शोधणे अधिक हिताचे आहे.

प्रथम टोपी, मग यंत्र

मनुष्याची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. खोलीतील ध्वनिक्षेपकाला सबंध खोलीतील हवा हलवावी लागते, तर कानात बसणाऱ्या इअरफोनला केवळ एक-दोन घन सेंटिमीटर हवेचा दाब कमीअधिक करावयाचा असतो. परंतु त्यासाठी ती हवा बंदिस्त असली पाहिजे. इअरफोनची सिलिकोनची टोपी सैल बसली, तर फटीतून हवा आतबाहेर होते आणि मंद गतीने होणारी कंपने, म्हणजेच खर्जाचे स्वर, क्षीण होतात. तबल्याच्या डग्ग्याची घुमारी नाहीशी होते आणि ग्राहक दोष मात्र यंत्राला देतो.

याची परीक्षा घरी सहज करता येते. तबल्याची साथ असलेले एखादे गायन लावावे आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. डग्गा एकदम भरदार झाला, तर टोपीचे माप चुकले आहे असे समजावे. डावा व उजवा कान अगदी सारखे असतातच असे नाही, म्हणून दोन कानांना निरनिराळी मापे लागली तर त्यात आश्चर्य नाही. टोपी बदलण्याचा खर्च अल्प आणि लाभ मोठा, म्हणून क्रमात तिचा मान पहिला.

गोंगाट आणि श्रवणशक्ती

नीट बसलेली टोपी बाहेरचा आवाजही रोखते. समजा, धावत्या गाडीच्या डब्यात ७५ डेसिबल गोंगाट आहे. सैल इअरफोनने त्यावर मात करण्यासाठी प्रवासी आवाज ८९ डेसिबलपर्यंत वाढवितो. घट्ट टोपीने गोंगाट २० डेसिबलने घटविला, तर ७० डेसिबलवरही गाणे स्पष्ट ऐकू येईल.

हा भेद केवळ सुखाचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पुढे दर ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास आणि ८९ ला अवघे ५ तास! झाशीहून मुंबईला निघालेल्या त्या प्रवाशाचा सबंध आठवड्याचा वाटा भोपाळच्या आसपासच संपतो. इटारसी आणि भुसावळ तर अजून दूरच असतात. आपल्या अंतर्कर्णात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्याच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. यंत्र बिघडले तर नवे घेता येते, कान घेता येत नाही.

यंत्राची जात

बहुतेक इअरफोनांत चुंबक, तारेचे वेटोळे आणि पातळ पडदा अशी रचना असते. दुसऱ्या प्रकारात चुंबकांच्या मध्ये तोललेली एक इवली पट्टी कंप पावते. श्रवणयंत्रांत ही रचना फार पूर्वीपासून वापरात आहे. एकाच इअरफोनमध्ये असे पाच-सहा घटक आहेत, यावरून तो श्रेष्ठ ठरत नाही. या सर्वांचा मेळ कसा जमला आहे, हे महत्त्वाचे. मनुष्याचा कंठस्वर स्वाभाविक वाटतो काय, हीच उत्तम कसोटी होय, कारण माणसाच्या आवाजातील खोट आपला कान चटकन ओळखतो.

वेगळा वर्धक केव्हा?

अनेकांना यंत्रापाठोपाठ स्वतंत्र वर्धक घेण्याचा मोह होतो. येथे थोडे गणित करू. एखादा इअरफोन एक मिलिवॉट शक्तीवर १०५ डेसिबल आवाज देतो असे धरा. शक्ती हजारपटीने कमी केली, तर आवाज ३० डेसिबलने उतरतो. म्हणजे एक मिलिवॉटच्या हजाराव्या भागावरही ७५ डेसिबल मिळतात. एवढी शक्ती साध्या फोनजवळही मुबलक असते. बिनतारी इअरफोनमध्ये तर वर्धक आतच बसविलेला असतो. बाहेर दुसरा घेऊन उपयोग नाही. तारेच्या इअरफोनमध्ये शांत जागीही सतत खरखर ऐकू येत असेल, तरच या खर्चाचा विचार करावा.

मुद्रणाची मर्यादा

झाशीपासून सुमारे शंभर किलोमीटरांवरील ग्वाल्हेर हे ख्यालगायकीचे माहेरघर. त्या काळातील जुनी गायकी ऐकू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. १९२५ पूर्वी गायक कर्ण्यासमोर गात आणि त्यांच्या आवाजाच्या जोरावरच तबकडीवर रेषा उमटे. अतिशय बारीक व अतिशय खर्जातील कंपने तीत उमटतच नसत. जे मुद्रित झाले नाही, ते कोणताही महागडा इअरफोन निर्माण करू शकत नाही. म्हणून चांगल्या प्रतीचे मुद्रण मिळविणे हे वर्धक घेण्यापूर्वीचे काम आहे.

सारांश, क्रम असा: आधी योग्य मापाची टोपी, मग चांगला इअरफोन, त्यानंतर उत्तम मुद्रण आणि अगदी अखेरीस, गरज भासलीच तर, वर्धक. मात्र जी टोपी गोंगाट रोखते, ती गाडीची शिटीही रोखते. रूळ वा रस्ता ओलांडताना आणि फलाटाच्या कडेला उभे असताना इअरफोन खिशातच असावा.