एकच रिमोट हवा? आधी टीव्हीच्या मागे बघा

टीव्हीसमोरच्या टीपॉयवर आज सर्रास तीन-चार रिमोट पडलेले असतात. टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, फायर टीव्ही स्टिकचा तिसरा आणि साउंडबार घेतला असेल तर त्याचा चौथा. घरातल्या तरुण मंडळींना त्याचं काही वाटत नाही. हाल होतात ते दिवसभर घरात असणाऱ्या आजी-आजोबांचे. रात्री कुणीतरी स्टिकवर सिनेमा पाहून झोपतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी मालिका लावायला बसतात, तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. टीव्ही चालू, बॉक्स चालू, फक्त इनपुट बदललेलं. ते जागेवर आणायचं बटण ज्या रिमोटवर आहे, तो त्यांनी कधी हातातच घेतलेला नसतो. मग संध्याकाळी कुणी घरी येईपर्यंत टीव्ही बंद.

यावरचा इलाज अवघड नाही आणि पुष्कळ घरांत त्याला पैसेही लागत नाहीत. आड येतात त्या काही पक्क्या बसलेल्या समजुती.

‘युनिव्हर्सल रिमोट आणला की सगळं चालेल’

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारी ही समजूत. ती टीव्हीपुरती बरोबर आहे, स्टिकच्या बाबतीत साफ चूक.

रिमोट दोन प्रकारे निरोप पाठवतात. जुना प्रकार इन्फ्रारेडचा. रिमोटच्या टोकाला छोटा एलईडी असतो. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते. बटण दाबलं की तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करतो आणि त्या झोतांच्या लांब-आखूड तुकड्यांतून ‘आवाज वाढव’, ‘बंद हो’ असा हुकूम टीव्हीला पोचतो. हा हुकूम इन्फ्रारेड पाहणारं कुठलंही यंत्र वाचू शकतं आणि त्याची नक्कल करू शकतं. बाजारातला युनिव्हर्सल रिमोट तेवढंच करतो. एकतर त्याच्या पोटात वेगवेगळ्या कंपन्यांचे हुकूम आधीच भरलेले असतात, नाहीतर तो मूळ रिमोटकडून ते शिकून घेतो.

दुसरा प्रकार ब्लूटूथचा. फायर टीव्ही स्टिक किंवा गुगल टीव्हीवाला क्रोमकास्ट यांचा रिमोट आपापल्या उपकरणाशी ब्लूटूथने जोडलेला असतो. म्हणूनच टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून बसलेली स्टिकसुद्धा त्याचं ऐकते. ही जोडी ठरलेली असते. शेजारी दुसरा रिमोट धरून तिचे हुकूम शिकता येत नाहीत. शिवाय फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेड पाहणारा डोळाच नाही. त्यामुळे दीड-दोनशे रुपयांचा कुठलाही युनिव्हर्सल रिमोट तिच्यापुढे निरुपयोगी ठरतो.

आपला रिमोट कुठल्या जातीचा हे घरबसल्या कळतं. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, शक्यतो पुढचा, कारण बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते. रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे करून बटण दाबून ठेवा आणि पडद्याकडे पाहा. टोकाशी जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर ते बटण इन्फ्रारेडवर चालतं. आता हीच परीक्षा स्टिकच्या, आवाजाची बटणं असलेल्या रिमोटवर घ्या. बाणाची बटणं दाबली तर काही दिसणार नाही. आवाजाचं बटण दाबलं की सहसा ठिपका चमकेल. एकाच रिमोटमध्ये दोन्ही प्रकार आहेत: स्टिकशी बोलायला ब्लूटूथ, टीव्ही किंवा साउंडबारशी बोलायला इन्फ्रारेड.

सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. बाहेरचा इन्फ्रारेड रिमोट स्टिकला थेट चालवू शकत नाही, पण स्टिकचा रिमोट टीव्ही चालू-बंद करू शकतो आणि टीव्हीचा वा साउंडबारचा आवाज कमी-जास्त करू शकतो. तो रिमोट तुमच्याकडे आहेच. सेटिंग्जमध्ये जाऊन तुमचा टीव्ही कुठल्या कंपनीचा, साउंडबार कुठला एवढं सांगायचं राहिलेलं असतं.

सगळ्या उपकरणांना एका मुठीत आणायचं स्वप्न तसं जुनं आहे. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी ॲपलमधून बाहेर पडल्यावर १९८७ मध्ये बाजारात आणला तो हुकूम शिकणारा रिमोटच. पुढे लॉजिटेकच्या हार्मनी मालिकेने हा धंदा नावारूपाला आणला आणि २०२१ मध्ये कंपनीने त्या रिमोटचं उत्पादन थांबवलं. माझ्या मते त्यात आश्चर्य नाही. जे काम महागडा रिमोट करायचा त्यातलं बरंचसं आता टीव्हीमागची केबलच करते.

‘केबल फक्त चित्र आणि आवाज नेते’

एचडीएमआय केबलच्या टोकाला १९ पिना असतात. त्यातली तेरावी चित्रासाठीही नाही आणि आवाजासाठीही नाही. ती उपकरणांनी एकमेकांना निरोप द्यायची तार आहे. तिच्यावर चालणाऱ्या व्यवस्थेला सीईसी म्हणतात, आणि २००२ च्या अगदी पहिल्या एचडीएमआयपासून ती आहे. टीव्हीला जोडलेली सगळी उपकरणं या एकाच तारेवर असतात. चाळीच्या गॅलरीत कुणी हाक मारली की ज्याचं नाव त्यानेच ओ द्यावी, तसं प्रत्येक निरोपावर कुणासाठी आहे ते लिहिलेलं असतं. टीव्हीचा क्रमांक नेहमी शून्य, साउंडबारचा पाच.

सीईसी चालू असेल तर स्टिकच्या रिमोटवरचं होम बटण दाबल्यावर टीव्ही जागा होतो आणि आपणहून स्टिकच्या इनपुटवर येतो. उलटही होतं: टीव्हीच्या रिमोटवरच्या बाणांनी स्टिकचा मेन्यू चालतो. टीव्ही बंद केला की साउंडबारही झोपतो. कसलंही नवं यंत्र आणावं लागत नाही.

इतकी कामाची सोय बहुतेकांना ठाऊक नाही याचा दोष मी कंपन्यांना देतो. प्रत्येकीने तिचं आपापलं बारसं केलं. सॅमसंगमध्ये ती ‘एनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिम्पलिंक’, सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’, पॅनासॉनिकमध्ये ‘व्हिएरा लिंक’, फिलिप्समध्ये ‘ईझीलिंक’. ही नावं सेटिंग्जमध्ये खोलवर कुठेतरी असतात आणि कितीतरी घरांत त्यापुढचं बटण बंद असतं. ते टीव्हीवर चालू करायचं आणि स्टिकच्या सेटिंग्जमध्येही. दोन्हीकडे चालू नसेल तर संवाद होत नाही.

काही मर्यादा माहीत असलेल्या बऱ्या. ही तार संथ आहे, सेकंदाला साधारण चारशे बिट. बटण दाबल्यावर टीव्ही क्षणभर रेंगाळला तर बिघाड समजू नका. शिवाय कुठले निरोप पाळायचे हे बऱ्याच अंशी उत्पादकावर सोडलेलं आहे. चालू-बंद, इनपुट आणि बाण सहसा जमतात, इतर बटणांची खात्री नाही. कधी मध्यरात्री टीव्ही आपोआप उजळतो, कारण स्टिकने जागं होऊन हाक मारलेली असते. अशा वेळी वैतागून सगळं सीईसी बंद करू नका. पुष्कळ टीव्हींत ‘उपकरणाने टीव्ही चालू करणे’ हा पर्याय वेगळा दिलेला असतो, तेवढाच बंद करा.

दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली केबल पुढे करतो, तेव्हा तिच्यामुळे सीईसी चांगलं चालेल वा चित्र उजळेल असं मानू नका. ती तार साध्या प्रमाणित केबलमध्येही असते. केबल निवडताना पाहायचा तो वेग. सेकंदाला ६० चौकटींचा फोर-के हवा असेल तर सेकंदाला १८ गिगाबिट पेलणारी घ्या. आणखी एक, दुकानात मागताना नीट सांगा: अनेक उपकरणं एका टीव्हीला जोडायची तर स्विच लागतो. स्प्लिटर एकच उपकरण अनेक टीव्हींना वाटून देतो. कित्येकजण एकाऐवजी दुसरा घेऊन येतात.

‘स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिली की बस’

वायर लपते, प्लग वाचतो, म्हणून हे फार केलं जातं. पण टीव्हीवरचं साधं यूएसबी २.० पोर्ट ठरल्याप्रमाणे अडीच वॉट देतं, आणि स्टिकसोबत येणारा ॲडॅप्टर सहसा पाच वॉटचा असतो. अपुऱ्या विजेवर स्टिक अडखळते, मधेच पुन्हा सुरू होते. त्याहून मोठा तोटा असा की बहुतेक टीव्ही बंद झाले की ते पोर्टही बंद होतं. वीजच नसलेली स्टिक टीव्हीला हाक काय मारणार? एका रिमोटची सगळी घडी इथेच विस्कटते आणि लोक म्हणतात, आमच्याकडे सीईसी चालत नाही. स्टिक तिच्या ॲडॅप्टरवर ठेवा.

साउंडबारची केबल

साउंडबार ऑप्टिकल केबलने जोडला असेल तर आवाज उत्तम येतो, पण त्या केबलमधून हुकूम जात नाहीत. म्हणून टीव्हीचा रिमोट दाबूनही आवाज जागचा हलत नाही. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या पोर्टांपैकी एकावर एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेलं असतं. एआरसीची सोय २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आली. साउंडबार त्याच पोर्टला लावा, शेजारच्याला नको. मग टीव्हीचा आवाज साउंडबारकडे जातो आणि टीव्हीच्याच बटणांनी कमी-जास्तही होतो. एक रिमोट तिथेच कमी झाला.

खरी अडचण: सेट-टॉप बॉक्स

महाराष्ट्रात घरोघरी दुसरा रिमोट आला तो केबलच्या डिजिटल सक्तीने. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती; पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांसाठी ३१ मार्च २०१३. तेव्हापासून बॉक्सशिवाय वाहिन्या दिसेनाशा झाल्या. यातले कितीतरी बॉक्स सीईसी पाळत नाहीत. आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही केबलने जोडलेल्या बॉक्सला तर निरोपाची तारच नसते.

‘नव्या टीव्हीत ट्यूनर असतो, बॉक्स लागत नाही’ असंही आता ऐकू येतं. भारतीय मानक ब्यूरोने उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हींसाठी आयएस १८११२ हे मानक काढलंय, हे खरं. पण त्यातून दिसतात त्या डीडी फ्री डिशसारख्या मोफत, खुल्या वाहिन्या. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या कुलूपबंद असतात आणि किल्ली अजून बॉक्सकडेच असते.

पण उपाय आहे, आणि तो बॉक्सच्या रिमोटवरच. त्यावर बऱ्याचदा कडेला चौकट करून चार-पाच बटणं दिलेली असतात: टीव्ही पॉवर, आवाज, टीव्ही-एव्ही. ती कोरी असतात, शिकवायची असतात. बहुतेक रिमोटची रीत अशी: दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, टोकाला टोक, दोन बोटं अंतर ठेवून मांडायचे. बॉक्सच्या रिमोटवरचं ‘सेट’ बटण दिवा ठळक होईपर्यंत दाबून धरायचं. मग जे बटण शिकवायचं ते एकदा दाबायचं, टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण दाबायचं, दिवा लुकलुकला की शिकवणी झाली. शेवटी पुन्हा ‘सेट’. वर ट्यूबलाइटचा प्रकाश थेट पडत असेल तर कधी चुकतं, तेव्हा थोडं आडोशाला करा.

बहुतेकजण पॉवर आणि आवाज शिकवून थांबतात. माझं आग्रहाचं सांगणं असं की इनपुट बदलायचं बटण आधी शिकवा. वयस्कर माणसाचा टीव्ही अडतो तो तिथे. काही टीव्हींत ‘पॉवर ऑन सोर्स’ अशी सेटिंगही असते. ती बॉक्सच्या इनपुटवर ठेवली की आदल्या रात्री कुणी काहीही पाहिलेलं असो, टीव्ही उघडताना वाहिन्यांवरच उघडतो.

कुठला रिमोट ‘एकमेव’ ठेवायचा हेही घरातल्या तंत्रनिपुण माणसाने ठरवू नये. टीव्ही सर्वांत जास्त वेळ पाहणाऱ्याच्या आणि बटणांना सर्वांत जास्त बिचकणाऱ्याच्या हातात कुठला बसतो ते पाहावं. मालिका आणि बातम्यांचं घर असेल तर बॉक्सचा, सगळं स्टिकवरच चालत असेल तर स्टिकचा.

मोबाइलबद्दल थोडं

मोबाइल रिमोट होतो, पण इन्फ्रारेड एलईडी शाओमीसारख्या मोजक्याच कंपन्यांच्या फोनमध्ये असतो. बाकीचे वाय-फायवरून फक्त स्टिक किंवा स्मार्ट टीव्ही चालवतात, जुन्या बॉक्सला नाही. आणि ज्याच्या फोनवर रिमोट, तो बाहेर गेला की रिमोटही गेला. कास्टिंगने फोनची बॅटरी आणि डेटा संपतो ही भीती मात्र अनाठायी. क्रोमकास्ट २०१३ मध्ये आला तेव्हापासून पद्धत अशी आहे की फोन फक्त काय लावायचं ते सांगतो, व्हिडिओ टीव्हीकडचं उपकरण थेट इंटरनेटवरून घेतं. फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवणं, म्हणजे मिररिंग, हे वेगळं. त्यात सगळा भार फोनवर येतो.

‘एक रिमोट जमला, बाकीचे टाकून द्या’

असं करू नका. सॉफ्टवेअर अपडेटनंतर सीईसीची सेटिंग कधीकधी पुन्हा बंद होते, आणि ती चालू करायला टीव्हीचा मूळ रिमोट लागतो. बॉक्सचा रिमोट बदलून मिळाला तर त्याला शिकवायलाही मूळ रिमोटच हवा. बाजूला ठेवताना सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळतात आणि आतल्या स्प्रिंगा गंजतात. पाठीवर कागद चिकटवून कुठल्या टीव्हीचा ते लिहा. आणि स्टिकचा रिमोट कधी अचानक मुका झाला तर नवा मागवण्याआधी सेल बदला. तरीही नाही चालला, तर फायर टीव्हीवर होम बटण दहा सेकंद दाबून धरा. तुटलेली जोडी पुष्कळदा तेवढ्यानेच परत जुळते.